दूरचं सुतक

ऊन चढलं तरी राधाकृष्ण गुरुजींच्या घरातून धूर निघाला नाही, तेव्हा शेजारची गोजरबाई पिठलं-भाकरी झाकून घेऊन आली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, आणि गुरुजी तर रेडिओपुढं डोळे पुसत बसलेले. भाकरी रेशनवर मिळणाऱ्या परदेशी मिलो ज्वारीची, लालसर. दुष्काळात शेवगावात दुसरं होतं काय?

"कोन गेलं, गुरुजी?"

"माझं कुणी नाही," गुरुजी ओशाळले. "रुमानियातला एक कवी. जर्मनमध्ये लिहायचा. जाऊन पंधरवडा झाला म्हणे, आज बातम्यांत सांगितलं."

"मंग दहावा झाला आसंल."

"कोण करणार?"

गोजरबाई उंबऱ्यावर टेकली. "मागं कुनीच न्हाई?"

गुरुजींनी फळीकडं पाहिलं. कवीच्या देशात सरकारनं त्याच्या कविता कापल्या होत्या. जर्मनीत त्याला कुणी विचारत नव्हतं. मागं उरली होती एक कादंबरी, आणि गुरुजींनी अर्ध्यावर सोडलेलं तिचं मराठी भाषांतर. युद्धाच्या काळात नगरच्या छावणीत कारकुनी करताना जर्मन कैद्यांकडून उचललेली आपली मोडकी जर्मन भाषा. तिला हे काय पेलणार, म्हणून त्यांनी ते फडक्यात बांधून फळीवर टाकलं होतं.

भाकरी परत न्या, असं त्यांना म्हणायचं होतं. पण गोजरबाईनं तुकडा मोडला, त्यावर पिठलं घातलं आणि अंगणाच्या भिंतीवर ठेवला. वाळल्या शेवग्यावर कावळा बसला होता. तो हलला नाही.

"बघा. जीव अडकलाय कशात तरी. काय राहिलं हुतं त्याचं?"

"पुस्तक," गुरुजी म्हणाले. "माझ्याकडंच अर्धं पडलंय."

"मंग पुरं करतो म्हनून सांगा की!"

"त्याला मराठी येत नव्हतं, गोजरबाई."

"कावळा तर हितलाच हाय न्हवं?"

गुरुजी उठून भिंतीपाशी गेले. मग त्यांचे ओठ हलले.

एरवी खरकट्यावरही झडप घालणारा तो भुकेला कावळा मान वाकडी करून नुसता पाहत राहिला.

"मोठ्यानं बोला, गुरुजी," मागून गोजरबाई म्हणाली. "मला बी ऐकू आलं न्हाई."