श्रीरंगचे टायर

कॅनडात आल्यापासून श्रीरंग पिकअप ट्रकसाठी टायर निवडत होता. बर्फात घसरू नयेत, कच्च्या रस्त्यावर रुतू नयेत आणि हायवेवर घोंगावू नयेत, असे टायर त्याला हवे होते.

“माझ्याशी लग्न ठरवताना एवढा विचार केला नव्हतास,” बायको हेमांगी म्हणाली.

“तेव्हा एवढा चॉइस नव्हता.”

दुसऱ्या दिवशी गुडघाभर बर्फ पडला. जुन्या, गुळगुळीत टायरांवर घसरत ट्रक शेजाऱ्यांच्या कुंपणात शिरला. हेमांगी नर्स, ड्यूटी चुकवून चालणार नव्हतं. ती त्या शेजाऱ्यांच्याच ट्रॅक्टरवर बसून हॉस्पिटलात गेली. श्रीरंगने कसंबसं टायरचं दुकान गाठलं, तर अख्खं गाव रांगेत उभं!

संध्याकाळी तो तिला घ्यायला आला, नव्या टायरांवर.

“शेवटी कुठले घेतलेस?”

रस्त्यावरची नजर न हलवता श्रीरंग म्हणाला, “उरले होते ते.”