कपाटाची चावी

मुलुंडच्या नव्या सरकारी विद्यापीठात दर्शनाला राज्याबाहेरची दोनशे पोरं भरायची होती. एक गळलं तरी तिची कंत्राटी नोकरी गेलीच. दोनशेवी आसामची बिनिता. तीच आज ओरिजिनल मार्कशीट परत मागत होती. घाटकोपरच्या विद्यापीठाने तिची फी माफ केली होती, पण मार्कशीट पाचच्या आत हवी होती. “कपाटाची चावीच सापडत नाही गं,” दर्शना म्हणाली. बिचारी पोर मोबाइलचा टॉर्च लावून टेबलाखाली शिरली, केसांत जळमटं घेऊन बाहेर आली. दर्शनाने तिला चहा पाजला, स्वतःच्या डब्यातली अर्धी चपातीही दिली. पाच वाजून गेल्यावर तिने त्याच डब्याच्या पिशवीतून चावी काढली. “सापडली बाई एकदाची!” दर्शना म्हणाली. बिनिताने टाळ्या वाजवल्या, मग तिची नजर घड्याळावर गेली. दर्शनाने मार्कशीट तिच्या हातात ठेवली. “जपून ने. उद्या परत इथेच जमा करायचीय.”