तिसरं कोटेशन

बेल वाजली तेव्हा वसुधा पोळ्या लाटत होती. तिचा मोठा भाऊ दिगंबर बाहेरच्या खोलीत भाच्याला मांडीवर घेऊन बसला होता. तिच्या नवऱ्याने, नरहरने, जाळीच्या दारातून पाहिलं आणि मागे वळून हळूच म्हणाला, "मुलताईचे डीलर आलेत तुमचे. दादा, तुम्ही आत जा. मी बोलतो."

दिगंबर बाळासकट आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं.

वसुधाने लाटणं बाजूला ठेवलं. होशंगाबाद रोडवरच्या शोरूममध्ये दादाचा ट्रॅक्टर कालच बुक झाला होता. मुलताईत ट्रॅक्टर विकणाऱ्या, गावच्याच शांतारामकाकांनी बाबांच्या शेतात स्वतः नांगरून दाखवला होता, तोच. आपल्या काळ्या मातीला हाच घे, असं त्यांनीच सांगितलं होतं. इथे भोपाळात तो स्वस्त पडला, एवढंच. नरहर कारखान्याच्या खरेदी विभागात होता. तिथली रीत त्याने मेहुण्यालाही लावून दिली: तीन कोटेशनं घ्यायची, सगळ्यात कमी दर ज्याचा, त्याला ऑर्डर. तिसरं कोटेशन काकांचं होतं. तीन भरावीत म्हणून मागवलेलं.

"वसू, अगं, किती बारीक झालीस," शांतारामकाका खुर्चीत टेकत म्हणाले. त्यांनी पिशवीतून गुळाची ढेप काढून तिच्या हातात दिली. "घरचा आहे. मंडीदीपला सामान घ्यायला आलो होतो, म्हटलं पिपलानीत तुमच्याकडे डोकावून जावं. आणि जावईबापूंनाही दे हा. कॅन्टीनच्या चहावर वाळलेत."

नरहर हसला.

"बाळ कुठाय?"

"झोपलंय," वसुधा म्हणाली.

"निजू दे. आणि दिगंबर? इकडे आलाय का? त्याच्या घरी गेलो तर म्हणाले, गावाला गेलाय."

नरहर तिच्याकडे बघत होता.

"नाही काका," ती म्हणाली. "इकडे नाही आला."

काकांनी मान डोलावली. त्यांना खरंच वाटलं. तिला वाटलं होतं, निदान जरा तरी शंका येईल त्यांना.

"बरं, जावईबापू, माझ्या त्या कोटेशनचं काय झालं?"

"विचाराधीन आहे," नरहर म्हणाला. "अजून तुलनापत्रक व्हायचंय."

"ते काय असतं?"

"म्हणजे तिन्ही दर शेजारी शेजारी मांडायचे."

"मांडा ना. मी त्याच्यासाठीच आलो. कंपनीशी बोललोय मी. शोरूमवाल्याइतकं खाली जाता येणार नाही मला, पण माझं कमिशन सोडतो. तेवढं लिहून घ्या." ते थोडे पुढे झुकले. "काय आहे, पेरणीत गाडी बसली आणि दिगंबर भोपाळच्या माणसाची वाट बघत बांधावर बसला, तर ते मलाच बघावं लागणार. शेत समोरासमोर आहे आमचं."

"वॉरंटी सगळीकडे लागू असते, काका."

"असते की. यायला कोणी लागतं ना पण." ते स्वतःच हसले. "मेकॅनिकला मी आताच सांगून ठेवलंय. दिगंबरची गाडी आली, की आधी त्याचं काम. माझा भाऊ असला तरी त्याच्या मागून."

वसुधा स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभी होती. वरण-भात, वांग्याची भाजी, वरची एक गरम पोळी. बुकिंग अजून मोडता आलं असतं. आता, या घटकेला, कुणी बोललं असतं तर.

"काका," ती म्हणाली.

"वसुधा," नरहर म्हणाला, "पाणी आण आधी."

ताट काकांसमोर ठेवून ती पाणी आणायला गेली.

तांब्या भरत असतानाच बाळ रडलं. एकदम, टाहो फोडून. आणि त्याच्यामागोमाग दिगंबरचा आवाज. या शेतातून त्या शेतात हाका मारायची सवय असलेला, कधीच हळू न होणारा.

"ओ ओ ओ. नाही, नाही रे राजा. आलीच आई. उगी."

वसुधा तांब्या घेऊन आली तेव्हा नरहर टीपॉयवरचा पेपर सरळ करत होता. शांतारामकाकांनी बंद दाराकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. ते समोरच्या ताटाकडे बघत होते.

"मामाजवळ आहे ना," ते म्हणाले. "राहील मग."

त्यांनी पिशवी उचलली.

"काका, तसं नाहीये," नरहर उठला. "यात व्यक्तिगत काही नसतं. नियमच असा आहे की कमी दर..."

"असेल, असेल. तुमच्या हपिसातलं मला काय कळतंय."

"काका, जेवून जा," वसुधा म्हणाली. "वाढलंय मी."

"गाडी आहे ना माझी."

किती वाजताची, हे त्यांनी सांगितलं नाही. ती अनवाणीच त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेली. हाताला कणीक तशीच होती. आता दार उघडून दादा बाहेर येईल, काहीतरी बोलेल, असं तिला वाटत राहिलं. पायातल्या चपला नीट करायला काका वाकले, तेव्हा तिने मागे वळूनही पाहिलं.

दोन पायऱ्या उतरून ते थांबले.

"तुझी आई भेटेल बाजारात," ते म्हणाले. "विचारेल, वसूकडे जेवलास का."

वसुधा बोटांवरची कणीक सोडवत राहिली.

"जेवलो म्हणून सांगतो," शांतारामकाका म्हणाले आणि कठड्याला धरत खाली उतरून गेले.

आत बाळ केव्हाच गप्प झालं होतं. दाराआडून दिगंबरच्या थोपटण्याचा आवाज मात्र येतच राहिला.