कॉकखाली कागद

पहिलं मिनिट.

मेकॅनिक हुसेननं मोटारसायकलच्या पेट्रोलच्या नव्या कॉकखाली वर्तमानपत्राचं पान पसरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"दहा मिनिटं. थेंब पडला न्हाई तर काम फत्ते. तवर गॅस पेटवू नका, वैनी."

"पेटवतीय कशाला," राजेश्वरी म्हणाली. "काल सकाळी पेटवला तर फरशीवरनं जाळ पळत आला. पार माझ्या पायापातुर."

दुसरं.

आष्ट्यातलं घर. पुढच्या सोप्याची एकच खोली. अर्ध्यात गॅसची शेगडी, अर्ध्यात ती मोटारसायकल. दोन्ही चाकं फरशीला बसलेली, चेन गंजून एकजीव झालेली. गाडीपलीकडं धोंडुबाई बसली होती, राजेश्वरीची सासू. सहा वर्षांपूर्वी तिच्या मुलानं, कृष्णातनं, गाडी इथं लावली, कॉक बंद केला, "आलोच" म्हणाला आणि चालत गेला.

"गाडी बाहेर लावू म्हनलं तर आत्या ऐकत न्हाईत. वर पेट्रोल भरत्यात. म्हैन्याला अर्धा लिटर, बाटलीतनं," राजेश्वरी सासूकडं बोट करत म्हणाली.

"आल्यावर त्यानं ढकलत न्यायची का?" धोंडुबाई म्हणाली. "कायमचा जानारा मानूस कॉक बंद करत न्हाई. बंद केलाय, म्हंजी येनार. म्या त्या कॉकला बोट लावलं न्हाई."

तिसरं.

कागद कोरडा.

चौथं.

वेळ जावा म्हणून हुसेननं काढलेला जुना कॉक हातात घेतला. सहा वर्षं बंद म्हणजे दांडी जाम असणार. पकड घ्यायच्या आधी त्यानं सहज अंगठा लावला.

टक्.

दांडी लोण्यातनं फिरावी तशी फिरली. त्यानं दोन स्क्रू काढले. आतला रबरी वायसर घासून कागदासारखा झाला होता. दांडीखालचं पितळ चकचकीत होतं.

"गळनारच की," तो म्हणाला. "मावशी, ह्यो रोज फिरतोय."

पाचवं.

"आत्या, आता तरी बोला," राजेश्वरी म्हणाली. "पहाटे टक् वाजतंय ते मी रोज ऐकतीय. कवा काय म्हनले न्हाई. म्हनलं, फिरवू दे, तेवढाच जिवाला इरंगुळा."

धोंडुबाईनं स्वतःच्याच छातीवर बोट ठेवलं.

"म्या?"

"मग कोन?"

"मी समजायची, तू उठतीस. म्हनलं, नवऱ्याची गाडी हाय, लावू दे हात. दोनदा वाजतंय."

"व्हय. दोनदा."

"पहिलं वाजलं की मी जागी व्हायची. दुसरं वाजलं की झोप लागायची. सकाळी बघावं, तर बंदच."

सहावं. सातवं. आठवं.

बाहेरनं उसाची ट्रॉली गेली. तेवढ्यापुरती फळीवरची भांडी वाजली. हुसेनच्या हातात स्क्रू होते, ते कुठं ठेवावेत हे त्याला सुचेना.

नववं.

"हुसेन, जुना परत बसव."

"मावशी, घर पेटंल."

"नवा त्याच्या हाताला कळायचा न्हाई. तो कवा वाकून बघतोय? अंधारात नुस्ता हात नेतोय."

"ते खरं हाय," हुसेनच्या तोंडून निघून गेलं. "जुना आडवा केला की बंद व्हायचा. ह्यो आडवा केला की चालूच ऱ्हातो. ह्याचं बंद वर हाय. कंपनीचा मिळंना, सांगलीतनं ह्योच गावला. आडवा ऱ्हायला तर कार्बोरेटर भरून सगळं खाली सांडनार."

बोलून झाल्यावर आपण कुणाबद्दल बोललो ते त्याला उमगलं. त्यानं गाडीकडं पाहिलं नाही. घड्याळाकडं पाहिलं.

दहावं.

कागद कोरडा होता.

"बसवतूस न्हवं रं जुना?" धोंडुबाईनं विचारलं.

"न्हाई बसवायचा," राजेश्वरी म्हणाली आणि उठली. गाडीच्या डाव्या अंगाला गेली. सीटपासून हातभर अंतर ठेवून उभी राहिली. पदर नीट केला.

"आवं," ती म्हणाली. आवाज एवढा बारीक होता, की हुसेनला वाटलं, आपण ऐकायला नको होतं. "कॉक बदललाय. बंद करताना वर करा. आडवा ठिवू नगा. हितं माझा गॅस हाय."

हुसेननं पाने आणि पकड पिशवीत भरली. दार अगदी समोर होतं, गाडीच्या आणि तिच्या मधल्या मोकळ्या जागेतून चार पावलांवर. तो भिंतीला पाठ घासत, शेगडीला वळसा घालून चपलांपर्यंत गेला.