शेवटची खुंटी

मिरची सकाळपासून धुसफुसत होती. नाडी तुटली म्हणून तिने बूट भिंतीवर आपटला. ताटातलं अर्धं तसंच टाकलं.

टिटवीने ओळखलं. दिवस जवळ आले हिचे.

मैदानालगतच्या खोलीत ओळीने खुंट्या होत्या. पाळी आलेल्या मुलीने टॉवेल शेवटच्या खुंटीवर अडकवायचा, बोलायचं काही नाही. प्रशिक्षक बाई एक नजर टाकायच्या आणि तिला हलका सराव द्यायच्या. जिचा टॉवेल महिनोन् महिने तिथे दिसणार नाही, तिचं धावणं बंद. पोट मारून, अंगाला झेपणार नाही इतकं पळालं की पाळी थांबते, मग हाडं ठिसूळ होतात, असं बाई सांगायच्या.

टिटवीची पाळी गेल्या हंगामापासून आलीच नव्हती.

आणि संघाची निवड तोंडावर होती.

तिने टॉवेल शेवटच्या खुंटीवर टाकला. नेहमीसारखा पाठोपाठ मिरचीचाही आला. एका खोलीत राहून पाळ्यासुद्धा जुळल्या तुमच्या, बाई म्हणाल्या. दोघी हसल्या.

टिटवीचा अंदाज एकदाही चुकला नव्हता.

रात्री नडगी ठणकायची. पलीकडच्या खाटेवर मिरची पाठ करून झोपलेली. सगळं वेळच्या वेळी करणारं शरीर. टिटवीला त्याचा हेवा वाटायचा. आईला सांगावं तर ती घरी बोलावणार. मिरचीला सांगावं तर, जावे त्याच्या वंशा. तिला काय कळणार?

निवडीच्या आदल्या दिवशी, वळणावर, नडगीत काहीतरी वाळक्या काटकीसारखं मोडलं. ना ठेच, ना धक्का.

शेवटची पाळी कधी आली, डॉक्टरांनी विचारलं. बाई दारातच उभ्या होत्या. टिटवीने खरं सांगून टाकलं. बाईंनी तिचं पांघरूण सारखं केलं आणि त्या निघून गेल्या.

संध्याकाळी मिरची आली. स्टुलावर बसून स्वतःचीच नडगी चोळत राहिली.

"रागावलीस?" टिटवीने विचारलं. "तुझी चिडचिड सुरू झाली की मी टॉवेल लावायचे. आपल्या तारखा जुळल्यात असं वाटावं म्हणून."

"चिडचिड?" मिरची खाली बघत म्हणाली. "भूक लागलेली असायची गं."

मिरचीचा नडगी चोळणारा हात थांबला.

"आता मी कोणाचा टॉवेल बघून लावू?"