कॅल्व्हर्टसाहेबांची पाटी

"आधी ते वासरू हाकला, मग लग्नाचं बोला!" कॅल्व्हर्टसाहेब दारात आलेल्या भिवाजी गवळ्यांवर ओरडले. भिवाजींचं वासरू साहेबांच्या फाटकावरची पितळी पाटी चाटत होतं. दर रविवारी चर्चला जाण्याआधी साहेब ती स्वतः घासत. अख्ख्या दौंडात कॅल्व्हर्ट हे एकच घर, आणि मुलगी लग्न करणार म्हणे शेजारच्या गवळ्याच्या मुलाशी!

रेल्वेतून निवृत्त झालेले साहेब आरामखुर्चीत बसले. भिवाजींना त्यांनी स्टूल दाखवलं. "आमचं घराणं खानदानी आहे. आडनावाचा अर्थच ऐका," म्हणत त्यांनी लंडनच्या चुलतभावाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. आडनावाचं मूळ शोधायचं काम त्याच्याकडे दिलेलं होतं.

"सापडलं बघ," दौंडातच वाढलेला भाऊ हौसेनं मराठीत म्हणाला. "कॅल्व्हर्ट म्हणजे वासरं राखणारा. आपले पूर्वज गुराखी!"

मुलगी ओठ दाबून पंख्याकडे बघत राहिली. भिवाजी अदबीनं म्हणाले, "साहेब, आमच्यात मोठी माणसं गाई-म्हशी बघतात. वासरं पोरासोरांकडं असतात."

साहेबांना आधी घाम फुटला, मग हसू. "म्हणजे इतक्या पिढ्यांत आम्हाला बढतीसुद्धा मिळाली नाही!"

भिवाजींना हाताला धरून त्यांनी खुर्चीत बसवलं आणि ते फाटकाकडे निघाले. वासरू पुन्हा पाटी चाटायला आलं होतं. त्यांनी त्याचं दावं हातात घेतलं.

"राहू द्या साहेब, मी बांधतो," भिवाजी उठू लागले.

"तुम्ही बसा हो, व्याही. हा आमचा खानदानी धंदा आहे."