रेषेवरची थाप

बाबांनी गाणं परत पहिल्यापासून लावलं आणि आवाज वाढवला. दादा गाडीच्या किल्ल्या घेऊन दारात उभा होता. मेंदूविकारांच्या डॉक्टरांची दुपारची वेळ त्याने बऱ्याच ओळखी काढून मिळवली होती, आणि बाबा अजून घरातल्या सपातांवर होते.

“ऐक,” बाबा म्हणाले. “आणि माझा डावा हात कुठे मागे पडतो ते दाखव.”

दादाला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने धाकट्या बहिणीकडे पाहिलं. ती खोलीच्या कोपऱ्यात संगणकासमोर बसली होती. भिंतींना आवाज शोषायला जुन्या गाद्या ठोकलेल्या होत्या आणि पलीकडे बाबांचा ड्रमसेट चादरीखाली झाकलेला होता.

“तूच तर म्हणाली होतीस,” दादा म्हणाला.

ती म्हणाली होतीच.

ज्यांच्यासाठी बाबांनी हे गाणं वाजवलं होतं, त्या नृत्यपथकाच्या बाईंचा सकाळी फोन आला होता. वादकांमध्ये बाबांना सगळे घड्याळ म्हणत, तसंच त्याही म्हणाल्या, घड्याळराव, या वयात असा ठेका, माझी एकही मुलगी कुठे अडखळली नाही. बाबांनी ते तेव्हापासून घरात प्रत्येकाला आणि दारात आलेल्या दूधवाल्याला सांगितलं होतं. डॉक्टरकडे जायचं नाही हेही त्याच दमात ठरून गेलं होतं. हाताला काही झालं असतं तर असं वाजलं असतं का, एवढा एकच प्रश्न ते विचारत होते, आणि त्याचं उत्तर घरात फक्त धाकटीकडे होतं.

ध्वनिमुद्रणातली चुकलेली लय संगणकावर सुधारणं हेच तिचं काम. लोक वाजवताना घाबरून पळतात, दमून रेंगाळतात. ती प्रत्येक ठोका त्याच्या तोंडाशी कापायची, पडद्यावरच्या अचूक लयीच्या रेषेवर नेऊन बसवायची आणि मागे उरलेली फट त्याच ठोक्याच्या घुमण्याने भरून काढायची. सांधा ऐकू आला नाही की झालं. इतरांच्या चुका कधी रेषेच्या अलीकडे, म्हणजे लवकर पडत, कधी पलीकडे, उशिरा. बाबांच्या नुसत्या ड्रमचं ध्वनिमुद्रण तिने उघडलं तेव्हा डाव्या हाताचे ठोके सगळे पलीकडे होते. एकही अलीकडे नव्हता. उजवा हात डाव्यासाठी थांबत होता, रस्त्यात धाकट्यासाठी थांबावं तसा, आणि त्यामुळे गाणं पुढे जाईल तसं मंदावत गेलं होतं. नुसती चूक अशी एकाच बाजूला झुकत नाही, हे तिला कळत होतं. म्हणूनच तिने दादाच्या कानावर घातलं. आणि मग बसून सगळे ठोके रेषेवर आणले, कारण काम बाबांच्या हातून जायला नको होतं. बाकीची वाद्यं त्यावर नंतर चढली. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती अशी आपल्यालाच उघडावी लागेल, हा विचार तिने केला नव्हता.

गाणं संपलं. बाबांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

“तू सांग याला. तुझ्या कानाचं मी मानतो.”

“बाबा, मी ठोके हलवलेत,” ती म्हणाली. “डाव्या हाताचे. सगळे.”

बाबा हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले.

तिने मूळ फाइल शोधली आणि लावली. नुसते ड्रम. बाबांनी डोळे मिटले, सपातेचं टोक जमिनीवर हलू लागलं. पाऊल आणि ठोका बरोबर पडत होते. त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

“हेही तेच आहे की. काय हलवलंस?”

पाऊलही ठोक्याबरोबर मंदावत होतं. ते दिसत होतं फक्त तिला.

आता एकच बटण उरलं होतं. वाजवताना कानात क्लिक, म्हणजे एकसारख्या लयीची यांत्रिक टकटक, घ्यायला बाबांनी कायम नकार दिला होता. घड्याळाला कुणी घड्याळ दाखवतं का, असं ते म्हणत, आणि यावर प्रत्येक वेळी कुणीतरी हसायचं. तिने फाइल पुन्हा सुरुवातीला नेली आणि क्लिक चालू केली.

टक टक टक. सुरुवातीला ठोका आणि क्लिक एकच होते. मग ठोक्याच्या आधी क्लिकची कड ऐकू येऊ लागली. मग दोघांत जागा पडली, आणि ती वाढत गेली. बाबांचं पाऊल आधी ठोक्याबरोबर होतं, मग क्लिककडे गेलं, परत आलं आणि तसंच हवेत राहिलं.

ठोके मागे मागे येत राहिले.

“बंद कर,” बाबा म्हणाले.

तिने क्लिककडे हात नेला.

“ती नको. ड्रम बंद कर.”

तिने ड्रम बंद केले. खोलीत नुसती क्लिक उरली, कोरडी, एकसारखी. बाबा खुर्चीत सरळ बसले. त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला, थोडं थांबून लय घेतली, जशी ते नेहमी घेत, आणि मांडीवर ठेका धरला.

धाकटी पडद्याकडे बघत राहिली. टक, आणि मग थाप. टक, आणि मग थाप.

दाराशी दादाने खाली पाहिलं. किल्ल्यांचा आवाज होऊ नये म्हणून त्याने मूठ घट्ट मिटून धरली होती.